पाऱ्याची वाफ आणि कारागिरांची स्मृती

ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी न आठवणे, हाती घेतलेले काम अर्ध्यावर विसरणे, एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचूनही त्याचा अर्थ मनात न ठरणे, या तक्रारींना अलीकडे ‘ब्रेन फॉग’ म्हटले जाते. हा स्वतंत्र रोग नसून बुद्धीवर मळभ आणणाऱ्या लक्षणांचा समूह आहे आणि त्यामागे अनेक कारणे असू शकतात. अपुरी झोप, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, नैराश्य, काही औषधे, एखाद्या दीर्घ संसर्गानंतरचा अशक्तपणा ही त्यांपैकी नेहमी आढळणारी कारणे होत. त्यांचा शोध रुग्णाच्या शरीरात आणि दिनचर्येत घेतला जातो. परंतु वैद्यकाच्या इतिहासात स्मृतिमांद्याचे असेही एक कारण नोंदलेले आहे, की जे रुग्णाच्या शरीरात उपजत नव्हते; तो ज्या खोलीत बसून पोट भरत होता, त्या खोलीच्या हवेत ते होते. ते कारण म्हणजे पाऱ्याची वाफ. खाणकामगार, मुलामा देणारे, आरसे घडवणारे आणि फेल्टच्या टोप्या करणारे यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी या वाफेची किंमत आपल्या स्मरणशक्तीने चुकती केली, आणि तरीही त्यांच्या विसराळूपणाचे खापर बहुधा त्यांच्या स्वभावावर, वयावर किंवा दारूवर फुटत राहिले.

या इतिहासाचे आकलन होण्यासाठी पाऱ्याचा गुणधर्म आधी लक्षात घ्यावा लागतो. हा धातू ३५७ अंश सेल्सिअसला उकळत असला, तरी नेहमीच्या तापमानालाही त्याची संथपणे वाफ होत राहते. त्या वाफेला रंग नसतो, वास नसतो आणि ती श्वासात गेल्याचे तत्क्षणी कळावे अशी कोणतीही खूण नसते. धातुरूप पारा गिळला गेला, तर तो आतड्यांतून जवळपास जसाच्या तसा बाहेर पडतो. मात्र वाफेच्या रूपाने फुप्फुसांत गेलेल्या पाऱ्यापैकी सुमारे चार पंचमांश भाग रक्तात उतरतो. या वाफेच्या अणूंवर विद्युत्‌भार नसल्यामुळे आणि ते स्निग्ध पदार्थांत सहज मिसळत असल्यामुळे, एरवी परक्या द्रव्यांना मेंदूबाहेर थोपवणारा रक्त आणि मेंदू यांमधला अडसर त्यांना रोखू शकत नाही. मेंदूत पोहोचल्यावर त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन ते भारित होतात, आणि मग आत येताना उघडी असलेली वाट बाहेर पडताना बंद होते. दीर्घकाळ थोडी थोडी वाफ घेणाऱ्या माणसात म्हणूनच लक्षणे हळूहळू उमटतात. हिरड्या सुजतात, लाळ सुटते, बोटे, पापण्या व ओठ थरथरू लागतात, अक्षर बिघडते. आणि त्याबरोबर किंवा काही वेळा त्याही आधी मनाचे बदल सुरू होतात. या मानसिक बदलांना वैद्यकात ‘एरेथिझम’ अशी संज्ञा आहे. तीत अकारण संकोच, चारचौघांत अवघडणे, क्षुल्लक गोष्टीवरून संताप, निद्रानाश, खिन्नता आणि स्मृतिभ्रंश यांचा समावेश होतो. अशा कामगाराकडे कोणी रोखून पाहू लागले की त्याचा हात अधिकच कापे आणि रोजचे सवयीचे कामही त्याला जमेनासे होई, हे निरीक्षण निरनिराळ्या देशांतील वैद्यांनी नोंदवलेले आहे.

पाऱ्याचे हे दुष्परिणाम खाणींपाशी फार पूर्वीपासून ठाऊक होते. पारा ज्या लाल खनिजातून मिळतो, त्या हिंगुळाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या खाणी स्पेनमधील अल्मादेन येथे होत्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आजच्या स्लोव्हेनियातील इद्रिया येथे. सोळाव्या शतकाच्या मध्यास अमेरिका खंडातील स्पॅनिश वसाहतींत पाऱ्याच्या साहाय्याने धातुकातून चांदी काढण्याची रीत रूढ झाल्यावर पाऱ्याला अमाप मागणी आली, आणि अल्मादेनमध्ये मजूर पुरेनासे झाल्याने तेथे शिक्षा झालेल्या कैद्यांना जुंपण्यात आले. १५९३ मध्ये या कैद्यांच्या स्थितीची गुप्त चौकशी करण्याचे काम राजसत्तेने मातेओ आलेमान याच्यावर सोपवले. पुढे ‘गुस्मान दे अल्फाराचे’ या कादंबरीमुळे स्पॅनिश साहित्यात अजरामर झालेला हाच तो लेखक. त्याने कैद्यांना एकेक करून प्रश्न विचारले आणि त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. हिंगूळ भाजण्याच्या भट्ट्यांवर, विशेषतः त्या पुरत्या थंड होण्याआधी उघडण्याच्या कामावर, ठेवलेली माणसे कशी थरथरू लागतात आणि त्यांचे भान कसे जाते, याचे वर्णन त्या जबान्यांत आहे. समाजाने टाकून दिलेल्या माणसांच्या तोंडून आलेली ही साक्ष कागदपत्रांत पडून राहिली आणि तिच्यामुळे भट्ट्यांचे काम थांबले नाही. परंतु व्यवसायजन्य मेंदूविकाराचा इतका जुना आणि इतका थेट दस्तऐवज दुर्मीळच म्हणावा लागेल. इद्रियात मात्र १६६५ मध्ये खाणकामगारांचा कामाचा दिवस सहा तासांवर आणण्यात आला. कामगारांच्या आरोग्यासाठी केलेल्या सर्वांत जुन्या नियमांपैकी तो एक मानला जातो. तेथेच वैद्य म्हणून काम केलेल्या जोव्हान्नी स्कोपोली याने १७६१ मध्ये पारा आणि त्यापासून होणारे विकार यांवर ग्रंथ लिहिला.

व्यवसाय आणि रोग यांचा संबंध हा वैद्यकाचा स्वतंत्र विषय आहे, हे प्रथम ठामपणे मांडले ते इटलीतील मोदेना येथील बेर्नार्दीनो रामाझ्झिनी याने. १७०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात मुलामा देणारे आणि मुरानो बेटावर आरसे बनवणारे यांची दैना स्वतंत्रपणे वर्णिली आहे. वैद्याने रुग्णाला जे प्रश्न विचारायचे, त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ या एका प्रश्नाची भर घालावी, असा त्याचा आग्रह होता. मुलाम्याच्या कामात सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप तांब्यावर किंवा चांदीवर लावतात आणि मग तो तापवून पारा उडवून लावतात. सोने चिकटून राहते आणि पारा कारागिराच्या नाकातोंडात जातो. नेपाळमधील पाटण येथील नेवार कारागिरांनी मूर्तींवर सोने चढवताना हीच पद्धत आधुनिक काळापर्यंत टिकवून ठेवली. आरशाच्या कामात आच लागत नसे, तरीही ते कमी घातक नव्हते. कथिलाचा पातळ पत्रा सपाट पसरून त्यावर पारा ओतत, त्यावर काच सरकवत आणि वजन ठेवून जास्तीचा पारा निथळू देत. म्हणजे कामाच्या दालनात पाऱ्याचे उघडे तळे दिवसरात्र पसरलेले असे. बव्हेरियातील फ्यूर्ट आणि न्यूर्नबर्ग या गावांत हा धंदा भरभराटीला आला होता. तेथील कामगारांची तपासणी करून आडोल्फ कुस्माउल या वैद्याने १८६१ मध्ये लिहिलेला प्रबंध हा पाऱ्याच्या जुनाट विषबाधेवरील पायाभूत ग्रंथ ठरला. उपदंशावर पारा हेच औषध त्या काळी सर्रास दिले जात असल्याने एखाद्या माणसातील लक्षणे रोगाची की औषधाची, असा वाद तेव्हा चालू होता. कुस्माउलने औषध म्हणून कधीही पारा न घेतलेल्या कामगारांमध्ये तीच लक्षणे दाखवून दिली आणि विष कोठून येते याबद्दलचा संशय दूर केला. काचेवर चांदीचा थर चढवण्याची रसायनशास्त्रज्ञ लीबिखची पद्धत हळूहळू रूढ झाली आणि पाऱ्याचे आरसे मागे पडले.

टोप्यांच्या धंद्यात पारा नेमका कसा शिरला, याबद्दल एक दंतकथा सांगितली जाते. फेल्ट घट्ट व्हावे म्हणून कारागीर केसांवर मूत्र शिंपडत; त्यांतील एकजण उपदंशावर पाऱ्याचे औषध घेत होता आणि त्याचे फेल्ट इतरांपेक्षा सरस निघू लागले, अशी ती कथा आहे. तिला पुरावा नाही. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पाऱ्याच्या क्षारांचा वापर या धंद्यात होऊ लागला होता आणि तेथून तो इंग्लंड व अमेरिकेत पसरला, एवढे मात्र दिसते. फेल्ट म्हणजे विणकाम न करता केवळ केस एकमेकांत गुंतवून आणि दाबून केलेले कापड, ज्याला आपल्याकडे नमदा म्हणतात. मेंढीच्या लोकरीचे केस खवल्यांमुळे आपोआप गुंततात. परंतु उंची टोप्यांसाठी वापरले जाणारे सशाचे केस गुळगुळीत व ताठ असल्याने तसे गुंतत नाहीत. म्हणून कातडीवरच्या केसांना पारा आणि नायट्रिक आम्ल यांचे द्रावण ब्रशाने घासून लावत. वाळल्यावर केसांच्या टोकांना गाजरासारखा नारिंगी रंग येई, त्यावरून इंग्रजीत या क्रियेचे नावच गाजराशी जोडले गेले. त्यानंतर केस कातडीपासून कापून पिंजले जात, फिरत्या छिद्रयुक्त शंकूवर हवेच्या झोताने त्यांचा विरळ थर बसवला जाई, आणि तो मोठा, सैल शंकू गरम पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून, चोळून व गुंडाळून टोपीच्या मापापर्यंत आटवला जाई. शेवटी ठोकळ्यावर चढवून वाफ आणि इस्त्री यांनी त्याला आकार देत. यातील प्रत्येक पायरीवर पारा मोकळा होत असे, पिंजताना धुळीबरोबर आणि आटवताना गरम पाण्याच्या वाफेबरोबर. थंड प्रदेशात हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवून हे काम चाले, कारण उघडी खिडकी म्हणजे सरपणाची नासाडी असे मालकही समजत आणि गारठलेले कामगारही.

अमेरिकेतील या धंद्याचे केंद्र कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी हे गाव होते, जेथे १७८० मध्ये झॅडॉक बेनेडिक्ट याने पहिला टोप्यांचा कारखाना काढल्याचे मानले जाते. तेथील कामगारांच्या थरथरीला लोक ‘डॅनबरी शेक्स’ म्हणत. म्हणजे दुखणे इतके सार्वत्रिक होते, की त्याला गावाचेच नाव मिळाले होते, आणि तरीही ते धंद्याचा अटळ भाग समजले जाई. १८६० मध्येच जे. ॲडिसन फ्रीमन या न्यू जर्सीतील डॉक्टराने टोपीवाल्यांमधील पाऱ्याच्या रोगावर लेख लिहिला होता. पण धंद्याने त्याची दखल घेतली नाही. ल्युइस कॅरलच्या १८६५ मधील ‘ॲलिस’च्या कथेतील तऱ्हेवाईक टोपीवाला याच रोगाचे चित्र आहे, असे वारंवार सांगितले जाते. ते पटण्याजोगे नाही. कारण तो टोपीवाला बडबड्या आणि आगाऊ आहे, तर पाऱ्याने ग्रासलेला कामगार माणसांना टाळणारा, संकोचाने आक्रसलेला असे. साहित्यातील गमतीदार पात्रामुळे खऱ्या रुग्णाचे रूप झाकले गेले, हे या इतिहासातले एक लहानसे दुर्दैव आहे.

डॅनबरीच्या कामगारांची संघटना दुबळी नव्हती. परंतु संघटनेला मान्यता मिळावी म्हणून तिने पुकारलेल्या बहिष्काराविरुद्ध एका कारखानदाराने दावा लावला आणि १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. भरपाईची जबाबदारी कामगारांवर व्यक्तिशः आली आणि त्यांची घरे व बचत अडकून पडली. ज्या माणसांचे घरच गहाण पडण्याची भीती आहे, ती कामाच्या जागेतील हवेबद्दल तक्रार कोठून करणार? १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने या उद्योगाची सविस्तर पाहणी केली. केस कापणाऱ्या कारखान्यांवरील अहवाल १९३७ मध्ये आणि टोप्यांच्या कारखान्यांवरील अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी दर दहांत साधारण एकाला पाऱ्याची जुनाट बाधा आढळली. १ डिसेंबर १९४१ पासून अमेरिकेतील टोपी उद्योगात पाऱ्याचा वापर बंद झाला आणि त्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी द्रव्ये आली. हे घडले तेव्हा युद्धासाठी स्फोटकांच्या सुरुंगटोप्यांत पारा हवा होता, ही गोष्टही या निर्णयाबरोबर नोंदवावी लागते. माणसांच्या मेंदूची जी हानी ऐंशी वर्षे छापील स्वरूपात समोर होती, ती एकटी हा बदल घडवण्यास पुरेशी पडली नाही.

या दीर्घ इतिहासात स्मृतिनाशाचे आतून केलेले वर्णन जवळजवळ मिळत नाही, कारण ज्यांची स्मृती गेली त्यांना ते लिहिता येण्याची संधी नव्हती. ही उणीव भरून निघाली ती एका रसायनशास्त्रज्ञाच्या दुखण्यामुळे. आल्फ्रेड श्टॉक (१८७६–१९४६) हा जर्मनीतील नामवंत संशोधक बोरॉन आणि सिलिकॉन यांच्या हायड्रोजनयुक्त संयुगांवर काम करीत असे. ही संयुगे हवेचा स्पर्श होताच पेट घेतात, म्हणून त्याने काचेच्या नळ्यांचे निर्वात जाळे उभारले, आणि त्यात तोट्यांऐवजी पाऱ्याच्या झडपा व पाऱ्यावर चालणारे पंप बसवले. त्यामुळे त्याची प्रयोगशाळा वर्षानुवर्षे उघड्या पाऱ्याने भरलेली राहिली. जमिनीच्या फटींत सांडलेले थेंब साचून राहत आणि थंडीत खोली बंद केली की वाफ कोंडे. जवळजवळ पाव शतक त्याला डोकेदुखी, घेरी, नाकातील सूज आणि कानांत दडे बसण्याचा त्रास होत होता, आणि त्यासाठी त्याने नाकाचे वेदनादायक उपचारही करून घेतले. पुढे बुद्धीचेच काम अडू लागले. निर्देशिकेत पाहिलेला दूरध्वनी क्रमांक यंत्रापाशी जाईपर्यंत त्याच्या ध्यानातून निसटे. नुकतेच वाचलेले पुस्तक, पाहिलेले नाटक, इतकेच नव्हे तर स्वतःचे छापून आलेले शोधनिबंधही त्याला आठवेनात. जवळच्या परिचितांची नावे सुचत नसत, साधे गुणाकार चुकत, बुद्धिबळात चाली दिसेनाशा झाल्या आणि व्याख्यान देणे हे कष्टाचे काम होऊन बसले. आकडेमोडीतील ही अडचण हे पाऱ्याच्या छुप्या बाधेचे खास लक्षण असावे, असे त्याने सहकाऱ्यांच्या अनुभवाशी ताडून नोंदवले.

१९२४ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतील सहकारीही आजारी पडले, तेव्हा बर्लिनचे विषशास्त्रज्ञ लुइस लेविन यांनी पाऱ्याकडे बोट दाखवले आणि पंचवीस वर्षांचे कोडे सुटले. हवेतील पाऱ्याचे प्रमाण दर घनमीटरला मिलिग्रॅमच्या काही सहस्रांशांपासून शतांशांपर्यंत, म्हणजे तत्कालीन समजुतीप्रमाणे नगण्य, भरले. १९२६ मध्ये श्टॉकने पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याविषयीचा लेख प्रसिद्ध करून जगभरच्या प्रयोगशाळांना सावध केले, आणि उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग अतिसूक्ष्म प्रमाणातील पारा मोजण्याच्या पद्धती विकसित करण्यात घालवला. उघडा पारा दूर केल्यानंतर त्याची प्रकृती सावकाश सुधारली. दातांत भरल्या जाणाऱ्या चांदीच्या मिश्रणातील पाऱ्याबद्दलही त्याने शंका घेतली. तो वाद पुढे बराच रंगला. आजच्या समजुतीप्रमाणे अशा भरणातून सुटणारी वाफ अत्यल्प असते आणि विस्मृतीच्या भीतीने सुस्थितीतील भरण उकरून काढण्याचा सल्ला दिला जात नाही. मायकेल फॅराडेने आपल्या पत्रांतून स्मृती दगा देत असल्याची तक्रार केली होती आणि त्यामागेही प्रयोगशाळेतील पारा असावा, असा तर्क केला जातो; पण तो तर्कच आहे, कारण फॅराडेच्या खोलीतील हवा कोणी मोजलेली नाही. श्टॉकचे वेगळेपण याच बाबतीत आहे. अल्मादेनचा कैदी किंवा डॅनबरीचा टोपीवाला जे सांगत होता, तेच त्याने सांगितले. पण आपल्या तक्रारीला आकड्याचा आधार देण्याचे साधन त्याच्या हाती होते आणि त्याचे म्हणणे छापणारे नियतकालिकही.

भारतीय परंपरेत पारा हे रसशास्त्राचे, म्हणजे धातू व खनिजांपासून औषधे सिद्ध करणाऱ्या आयुर्वेदाच्या शाखेचे, मुख्य द्रव्य होते. पण अशुद्ध पारा हे विष आहे, हे त्या ग्रंथकारांनीही स्पष्ट सांगितले आहे आणि म्हणूनच त्याच्यावरील संस्कारांचा विस्तृत विचार केला आहे. या संस्कारांत पारा तापवणाऱ्या आणि खलात घोटणाऱ्या माणसाच्या श्वासाचा प्रश्न मात्र वेगळाच राहतो, आणि औषधाच्या गुणदोषांच्या चर्चेत त्याच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. आधुनिक काळात तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना १९८० च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या यंत्रसामग्रीवर सुरू झाला आणि पारा असलेली फुटकी काच भंगारात गेल्याचे उघड झाल्यावर २००१ मध्ये बंद पडला. माजी कामगारांना भरपाईसाठी २०१६ च्या तडजोडीपर्यंत लढावे लागले. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ मध्ये अमलात आला; भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. जपानमधील ज्या गावाचे नाव या कराराला दिले आहे, तेथील विष पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगाचे होते आणि ते माशांतून पोटात गेले होते, त्यामुळे ती कथा वाफेहून वेगळी आहे. वाफेची कथा अद्याप संपलेली नाही. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आग्नेय आशियातील हातावर पोट असलेले लाखो लोक गाळातील सोने पाऱ्यात धरून ते उघड्या तव्यावर तापवतात, आणि जगात हवेत सोडल्या जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा मानवी स्रोत आज तोच आहे.

महाराष्ट्रातील बहुतेक विसराळू माणसांच्या दुखण्यात पाऱ्याचा हात नसणार, हे उघड आहे, आणि त्यांनी आधी झोप, थायरॉइड व ब-१२ यांची तपासणी करून घेणेच योग्य. परंतु सोनाराच्या पेढीमागच्या खोलीत, जुन्या प्रयोगशाळेत, फुटके दिवे आणि यंत्रे फोडणाऱ्या भंगाराच्या वाड्यात काम करणारा माणूस ‘हल्ली काही लक्षात राहत नाही’ म्हणत दवाखान्यात आला, तर डॉक्टरांनी रामाझ्झिनीचा प्रश्न त्याला विचारावा आणि गरज वाटल्यास लघवीतील पाऱ्याची तपासणी सांगावी. घरात जुना तापमापक फुटला, तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्याने थेंब बारीक होऊन पसरतात. मुलांना बाहेर न्यावे, खिडक्या उघडाव्यात, जाड कागदाने थेंब एकत्र करून झाकणबंद बाटलीत भरावेत आणि ती बाटली कचऱ्यात न टाकता घातक कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावी.